सेम्बावांगचा जिताडा

सासूबाई सिंगापूरला आल्या तेव्हा पहिल्या आठवड्यात त्यांनी इथल्या रस्त्यांचं कौतुक केलं, दुसऱ्या आठवड्यात झाडांचं केलं, आणि मग एका संध्याकाळी त्या आमच्याबरोबर सुपरमार्केटमध्ये मासळीच्या काउंटरपाशी गेल्या. तिथे कौतुक संपलं.

ही २०१४ ची गोष्ट. आम्ही सेम्बावांगला एका एचडीबी, म्हणजे सरकारी घरांच्या, इमारतीत बाराव्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. मी पुण्याचा, सॉफ्टवेअरच्या चाचण्या घेणं हे माझं काम. आमच्या घरी अंडंसुद्धा गॅलरीत स्टोव्ह मांडून उकडायचे आणि मग गॅलरी धुवायचे. बायको अलिबागजवळच्या खाडीकाठच्या गावची. लग्नानंतर मी मासे खायला लागलो, पण माझ्या खाण्यावर सासरच्यांचा कधी विश्वास बसला नाही. मी काटे काढत बसलो की मेव्हणे एकमेकांकडे बघायचे. सासूबाई जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. त्यांच्या बोलण्यात पूर्णविराम असायचा आणि तो ऐकू यायचा.

तर त्या काउंटरवर बर्फात एक मोठा, चंदेरी, फुगीर पाठीचा मासा होता. पाटीवर ‘सी बास’ असं लिहिलं होतं. सासूबाई वाकून बघत राहिल्या. मग म्हणाल्या की हा तर जिताडा आहे. त्यांचा आवाज इतका हलला की मला वाटलं कोणी गाववाला भेटला. बायकोने लगेच सगळ्यात मोठा घेतला. घरी चिंच-मिरचीचं कालवण झालं. सासूबाईंनी पहिला घास घेतला, थांबल्या, दुसरा घेतला, आणि ताटातला तुकडा बोटाने बाजूला सारला.

“हा जिताडा पोल्ट्रीतला आहे,” त्या म्हणाल्या.

इथे हे मासे समुद्रात जाळ्यांचे पिंजरे बांधून वाढवतात, हे मी त्यांना समजावून सांगितलं. ते त्यांना आधीच चवीवरून कळलं होतं. बायको म्हणाली, आजोबांच्या शेततळ्यातला जिताडा तरी काय स्वतःहून चालत आला होता? त्यावर सासूबाई म्हणाल्या, तो घरचा होता. घरचा आणि पिंजऱ्यातला यात काय फरक, हे विचारायची कोणाची हिंमत झाली नाही.

वातावरण निवळावं म्हणून मी बोललो. तिथेच चुकलं. मी म्हणालो की आपल्या घरापासून चालत गेलं तर समुद्र आहे, तिथे लोक गळ टाकून बसलेले असतात, त्यात काय एवढं, मी आणून देतो ताजा जिताडा. बायकोने माझ्याकडे बघितलं. सासूबाईंनीही बघितलं. आमची मुलगी तेव्हा इथल्या प्राथमिक शाळेत होती. ती भात कालवत म्हणाली, “बाबा, यू कॅनॉट लाह.” तिच्या आवाजात थट्टा नव्हती. ती मला माहिती देत होती.

या कामात मला साथ मिळाली ती माझ्या एकुलत्या एका मित्राची. हा नागपूरचा, प्लास्टिकसारख्या पदार्थांवर संशोधन करणारा, बुकित पंजांगला एकटा राहणारा. समुद्र त्याने विमानातूनच जास्त पाहिला होता. पण त्याला कुठलीही वस्तू विकत घेण्यापेक्षा बनवण्यात आनंद वाटायचा. त्याच्या घरातला दिवा, टेबल आणि उशी ही तिन्ही त्याने स्वतः केलेली होती आणि त्यांना टेकताना, त्यांच्यावर डोकं ठेवताना किंवा त्यांच्याखाली उभं राहताना जपावं लागायचं. मी त्याला फोनवर सांगितलं तेव्हा त्याने आधी मासा किती मोठा हवा ते विचारलं. मग म्हणाला की किनाऱ्यावरून मोठा मासा मिळत नाही, त्यासाठी आत जावं लागतं, आणि आत जायला त्याच्या शेजारच्या इमारतीतलं एक कुटुंब देश सोडून जाताना हवा भरायची कयाक, म्हणजे वल्हवायची छोटी होडी, विकत आहे.

कयाक दोन माणसांची होती. हवा काढून घडी केली की ती एका भल्यामोठ्या पिशवीत मावायची, असं विकणाऱ्याने सांगितलं. ती मावली ती त्याच्या हाताने. आमच्या हाताने परत कधीच मावली नाही. बुकित पंजांगच्या एलआरटी नावाच्या छोट्या रेल्वेत आम्ही ती अर्धी पिशवीत आणि अर्धी खांद्यावर घेऊन चढलो. डबा वळणावर वळला की कयाकची मोकळी बाजू एका आजींच्या मांडीवर जाऊन बसायची. आजींनी दोन वेळा ती परत दिली आणि तिसऱ्या वेळी राहू दिली. उतरताना मित्राने त्यांचे आभार मानले. त्यांनी चिनीत काहीतरी सांगितलं आणि आधी कयाककडे, मग आमच्या पोटांकडे बोट दाखवलं. बहुधा आमचं वजन तिला पेलणार नाही, असा त्यांचा अंदाज असावा.

पुढचे दोन-तीन शनिवार-रविवार आमच्या हॉलमध्ये कारखाना चालला. दुकानात गळ, दोरा आणि वजनं एवढंच घ्यायचं, बाकी सगळं करायचं, अशी मित्राची अट होती. इथे कपडे वाळत घालायला स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर लांब बांबू लावतात. त्यातला सगळ्यात सरळ बांबू त्याने निवडला आणि त्याची काठी केली. दोरा गुंडाळायला त्याने नागपूरहून आणलेली पतंगाची चक्री काढली. ती तो परदेशात का घेऊन आला होता, हे मी विचारलं नाही. काठी उभी राहावी म्हणून नळाचा प्लास्टिकचा पाइप कापून कयाकला बांधला. नांगर म्हणून त्याचं डंबेल आलं, ते त्याने कुठल्यातरी नव्या वर्षाच्या संकल्पात घेतलं होतं आणि तेव्हापासून दाराला टेकण म्हणून वापरलं होतं. जाळं करताना बॅडमिंटनच्या रॅकेटच्या तारा काढून तिथे कांद्यांची जाळीदार पिशवी शिवली. मासा ठेवायला माझ्या बायकोची धुण्याची टोपली घेतली. हे तिला आधी सांगितलं नव्हतं, म्हणून दुसऱ्या दिवशी धुणं बराच वेळ जमिनीवर होतं आणि आम्ही दोघं बराच वेळ जिन्यात होतो.

सासूबाई सोफ्यावर बसून हे सगळं बघायच्या. अधूनमधून एखादी वस्तू उचलून उलटसुलट करायच्या आणि होती तिथे ठेवायच्या. शाळेत हस्तकलेच्या प्रदर्शनात त्या अशाच फिरत असणार. मित्र त्यांना मावशी म्हणायचा. एकदा तो त्यांना म्हणाला, “मावशी, तुम्ही टेन्शन काहून घेऊन राहिल्या? हे सगळं मी हिशोबाने केलं आहे.” सासूबाई म्हणाल्या की त्यांना काही टेन्शन नाही, त्या थोड्याच जाणार आहेत त्यात बसून.

पहिल्यांदा आम्ही दोघं गेलो ते एका शनिवारी सकाळी. सेम्बावांग पार्कला छोटासा वाळूचा किनारा आहे आणि शेजारी समुद्रात शिरणारा धक्का. धक्क्यावर काही म्हातारे काका रोज गळ टाकून बसतात. समोर अगदी जवळ मलेशिया दिसतो, तिथल्या क्रेन मोजता येतील इतका जवळ. मधली पट्टी म्हणजे सामुद्रधुनी, तिचा अलीकडचा अर्धा भाग आपला आणि पलीकडचा त्यांचा. पाण्यावर अर्थातच रेघ मारलेली नाही.

आम्ही हवा भरली, नारिंगी जॅकेटं घातली आणि पाण्यात शिरलो. धक्क्यावरच्या काकांनी आपापले गळ वर काढून आम्हाला वाट दिली, आणि मग ते गळ परत टाकायचे विसरले. आम्ही निघालो खरे, पण मित्र उजवीकडे वल्हवायचा तेव्हा मीही उजवीकडे वल्हवायचो. त्यामुळे आम्ही किनाऱ्यासमोर एक सुरेख गोल काढला. दुसऱ्या गोलात आमचं जमलं. बरंच आत गेल्यावर मित्राने डंबेल सोडलं. दोरी सरसर गेली आणि संपली. डंबेल तळाला लागलंच नव्हतं, ते मधेच लोंबकळत राहिलं. मित्र म्हणाला की असू दे, वजनाने थोडी तरी बोट थांबेल.

बोट थांबली नाही. आम्ही गळाला कोळंबी लावण्यात इतके गुंतलो होतो की ते आम्हाला माझ्या फोनने सांगितलं. प्लास्टिकच्या पिशवीतला फोन किणकिणला. मी वाचलं. मलेशियात आमचं स्वागत करण्यात आलं होतं आणि तिथल्या कॉलचे दर कळवण्यात आले होते.

मी मित्राला वाचून दाखवलं. त्याने आधी दर विचारले. मग त्याच्या लक्षात आलं. आम्ही दोघं जिवाच्या आकांताने परत वल्हवायला लागलो आणि डंबेल खाली लोंबकळत असल्यामुळे जागेवरच राहिलो. तेवढ्यात सिंगापूरच्या पोलिसांची एक बोट मोठा वळसा घेऊन आमच्यापाशी आली. कठड्याशी एक तरुण अधिकारी उभा होता. तो आमच्या काठीकडे बघत होता. काठीला अजून कपड्यांचे दोन चिमटे लावलेले होते, ते मित्राने मुद्दाम ठेवले होते, मासा लागला की वाजतील म्हणून.

आम्ही कुठे निघालो आहोत असं त्याने शांतपणे विचारलं. कुठेच नाही, असं मी खरं ते सांगितलं. त्याने पास मागितले. आम्ही एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे इथे नोकरीसाठी राहायचे परवाने, डब्यात घालून आणले होते, डबा टोपलीत होता आणि टोपलीवर मित्र बसला होता. पास पाहून तो म्हणाला की हद्द ओलांडायला अजून थोडं बाकी होतं, फोनवर विश्वास ठेवू नका, पण अजून थोडा वेळ तुम्ही असेच राहिला असता तर जेवायला तिकडे असता. मग त्याने चक्रीकडे बोट दाखवलं.

“सर, हे काय आहे?”

“रीळ,” मित्र म्हणाला.

अधिकाऱ्याने मान डोलावली. किनाऱ्याच्या जवळच राहायचं, समोर तरंगणाऱ्या त्या दोन बोयांच्या पलीकडे जायचं नाही, असं त्याने आम्हाला दोनदा बजावलं. आम्ही किनाऱ्याला लागेपर्यंत त्यांची बोट दुरून हळूहळू आमच्या मागे येत राहिली. लग्नाच्या वरातीत घोड्यामागे गाडी चालते तशी.

त्या दिवशी आम्हाला मिळालं ते एक शिंगाळं. तळहाताएवढं, मिशा असलेलं. ते आम्ही आत असताना लागलंच नव्हतं. परत येताना गळ पाण्यात तसाच राहिला होता, त्याला ते आपसूक आलं. सासूबाईंनी ते हातात घेतलं, माझ्याकडे बघितलं, साफ केलं आणि त्याचं कालवण केलं. बायकोने नंतर सांगितलं की लहानपणी त्यांच्याकडे शिंगाळं पाहुण्यांना वाढत नसत.

मी हा विषय संपला असं धरलं होतं. पण बुधवारी रात्री जेवणं झाल्यावर सासूबाई म्हणाल्या की येत्या शनिवारी त्या येणार आहेत. मी म्हणालो, धक्क्यावर बसायला छान बाक आहेत. त्या म्हणाल्या, बाकावर नाही, बोटीत.

घरात खळबळ उडाली. बायकोने गुडघ्यांची, रक्तदाबाची आणि लोक काय म्हणतील याची आठवण करून दिली. इथे ओळखतं कोण मला, असं सासूबाई म्हणाल्या. मुलीने आजीला पोहता येतं का, असं विचारलं. आजी म्हणाली की खाडीकाठच्या माणसाला हा प्रश्न विचारत नाहीत. त्यावर बायको म्हणाली की विचारावा लागेल, कारण तिने स्वतःच्या आईला आयुष्यात कधी पोहताना पाहिलेलं नाही. सासूबाईंनी तो विषय तिथेच मिटवला. शेवटी ठरलं की मी आणि त्या कयाकमध्ये, बोयांच्या अलीकडेच, आणि बाकी सगळे धक्क्यावर. मित्राला वाईट वाटलं. त्याने भरपाई म्हणून नांगराची दोरी बदलली आणि फोनवरून सूचना देत राहायचं कबूल करून घेतलं.

शनिवारी सासूबाईंनी बायकोचा पंजाबी ड्रेस घातला. तो त्यांनी जन्मात पहिल्यांदा घातला होता आणि त्यात त्या सारख्या पदर शोधत होत्या. म्हणून वर ओढणी घट्ट बांधली. पायात मुलीच्या बाबांचे, म्हणजे माझे, बूट. जॅकेटच्या पट्ट्या आवळल्यावर त्या अचानक लहान दिसायला लागल्या. धक्क्यावरचे काका आता आम्हाला ओळखत होते. त्यांतल्या एकाने माझ्याकडे बघून बोटांनी गोल काढून दाखवला.

त्या पुढे बसल्या, मी मागे. मी त्यांना सांगितलं की त्यांनी नुसतं बसावं, वल्हवायचं मी बघतो. त्यांनी वल्हं हातात घेतलं. ते त्यांनी झाडूसारखं धरलं होतं. मी ते सुधारायला गेलो, तर म्हणाल्या की वर्गात एका वेळी एकानेच शिकवायचं. मग त्यांनीच तोंडाने ताल धरला. एक म्हटलं की उजवा, दोन म्हटलं की डावा. माझा हात चुकला की त्या मागे न बघता म्हणायच्या, मागच्या बाकावरचे, लक्ष कुठे आहे? गेल्या खेपेपेक्षा आम्ही किती तरी सरळ गेलो. सरळ म्हणजे एका हवा भरलेल्या पिशवीतून जितकं जाता येतं तितकं.

बोयांच्या बऱ्याच अलीकडे मी डंबेल सोडलं. ते या वेळी तळाला टेकलं. सकाळचं पाणी हिरवट आणि शांत होतं. गळ टाकून आम्ही बसलो. सासूबाई समोरच्या मलेशियाकडे बघत होत्या. बराच वेळ गेल्यावर त्या आपणहून बोलल्या.

“माझे भाऊ खाडीत होडी काढायचे तेव्हा मला काठावर बसवून जायचे. चपला सांभाळायला.”

मी विचारलं की एकदाही नेलं नाही का. त्या म्हणाल्या की पोरींना होडीत घेतलं की मासळी रुसते म्हणायचे. मांडव्याहून लाँचने त्या कितीदा तरी मुंबईला गेल्या, पण ते बसमध्ये बसल्यासारखं. वल्हं हातात असं आजच. मग लगेच म्हणाल्या की तुम्ही काठीकडे बघा, माझ्याकडे काय बघताय.

काठीवरचे चिमटे तेव्हा वाजायला लागले होते. एवढंच नव्हे, तर बांबू वाकून पाण्याला टेकत होता. मी हात पुढे करेपर्यंत मित्राने हिशोबाने बांधलेला पाइप बुडापासून निघाला आणि पाण्यात गेला. बांबू त्याच्या मागे निघाला होता, तो सासूबाईंनी दोन्ही हातांनी पकडला. चक्री माझ्या पायाशी भिरभिर फिरत होती. मी ती उचलली. दोरा असा पळत होता की बोटं भाजली. धक्क्यावरून मित्राने बघितलं असावं, कारण फोन वाजला आणि मी तो कसाबसा कानाशी दाबला.

“ढील दे भाऊ,” तो ओरडत होता. “ओढू नको. पतंग समज. ढील दे.”

मी सासूबाईंना ढील द्या म्हणालो. त्या म्हणाल्या की त्यांनी आयुष्यात कोणाला ढील दिलेली नाही. बांबू कडाडला आणि मधोमध मोडला. आता वरचा तुकडा दोऱ्यावर लोंबकळत होता. त्यांनी तो सोडून सरळ दोराच धरला, ओढणीचं टोक हाताभोवती गुंडाळून. मग आमची एक लय लागली. मासा ओढायचा तेव्हा मी चक्री सोडायचो, तो दमायचा तेव्हा त्या ओढायच्या आणि मी गुंडाळायचो. संक्रांतीला नागपूरच्या गच्चीवर जे चालतं तेच, फक्त पतंग खाली होता. कयाक डंबेलभोवती हळूहळू फिरत होती.

मग तो वर आला. आधी पाण्यात एक चंदेरी पाठ दिसली, आणि मग अख्खा मासा उसळला आणि तोंड वासून डोकं झटकून परत आत गेला. सासूबाईंनी मान वळवून माझ्याकडे बघितलं, आणि मला त्यांच्या चेहऱ्यावर प्रथमच मुख्याध्यापिका दिसली नाही.

मी रॅकेटचं जाळं काढलं. ते माशाखाली घातलं. मासा त्यात बसला आणि कांद्याच्या पिशवीतून सरळ खाली निघून गेला, तारा नसलेल्या रॅकेटमधून बॅडमिंटनचं फूल जावं तसा. रॅकेट दोऱ्यात अडकली. सासूबाईंनी ती हिसडून बाजूला केली, ओढणी सोडली, पाण्यात पसरली, माशाच्या खालून घेतली आणि दोन्ही टोकं धरून एखादं लहान मूल आंघोळीहून उचलावं तसं त्याला वर घेतलं. तो धडधड करत आमच्या दोघांच्या मधे येऊन पडला. मी त्याच्यावर टोपली उपडी घातली आणि टोपलीवर पाय ठेवला.

“जिताडा,” त्या म्हणाल्या.

तेवढ्यात फुस्स असा आवाज आला. जिताड्याच्या पाठीवर काटे असतात हे मला त्या दिवशी समजलं. कयाकच्या उजव्या कडेला त्याने एक नीट भोक पाडलं होतं. मी भोकावर अंगठा दाबला. अंगठा दाबला की वल्हवता येईना, वल्हवलं की हवा जाई. मी मित्राला फोनवर विचारलं. त्याने मला कयाकच्या रचनेबद्दल सांगायला सुरुवात केली. दोन्ही कडांना वेगवेगळ्या पिशव्या असतात, त्यामुळे एक रिकामी झाली तरी दुसरी तरंगते, वगैरे. सासूबाईंनी मागे हात करून फोन मागितला, बंद केला आणि टोपलीत टाकला. म्हणजे टोपलीच्या वर टाकला, कारण टोपली उपडी होती, आणि तिथून तो समुद्रात गेला. पिशवीत हवा होती म्हणून तरंगला. तो मी रॅकेटने काढला. त्या जाळ्याने एवढं एकच पकडलं.

“तुम्ही अंगठा दाबून बसा,” सासूबाई म्हणाल्या. “वल्हवते मी.”

आणि त्यांनी वल्हवलं. डंबेलची दोरी मी सोडून दिली, ते अजून तिथे तळाला असेल. बोट उजवीकडे कललेली, मी भोकावर अंगठा दाबून डावीकडे झुकलेलो, माझ्या पायाखाली टोपली थडथडतेय, आणि पुढे माझ्या सासूबाई तोंडाने एक-दोन म्हणत एकट्या वल्हवताहेत. त्या घामाघूम झाल्या होत्या. मधेच थांबून दम घ्यायच्या. मी एकदा पोलिसांच्या बोटीला हात करू का, असं विचारलं. त्यांनी वल्हं आणखी जोरात मारलं, त्यावरून मी समजलो.

किनाऱ्याला लागलो तेव्हा उजवी कड पूर्ण पडली होती आणि मी कमरेपर्यंत पाण्यात होतो. बायको धावत आली. ती रडली होती आणि आता रागावली होती. मुलीने टोपली उचलून खाली बघितलं आणि इथली पोरं ‘बाप रे’ला म्हणतात तसं म्हणाली, “वा लाव.” मी टोपलीला टेकून वाळूत बसलो. सासूबाई बसल्या नाहीत. त्या वल्हं घेऊन उभ्याच राहिल्या.

धक्क्यावरचे काका बघायला आले. मासा बघून त्यांना फारसं आश्चर्य वाटलं नाही. त्यांच्या बादल्यांत बघितलं तेव्हा मला कारण कळलं. प्रत्येक बादलीत एक-दोन जिताडे होते, सगळे साधारण एकाच मापाचे, एकाच शाळेतल्या पोरांसारखे. एका काकांनी हसत हसत सांगितलं की पूर्वेकडे कुणाच्या तरी मत्स्यशेतीचं जाळं वादळात फाटलं, दोन दिवस झाले, सगळे मासे सुटलेत, आज धक्क्यावर कोणीही गळ टाकला तरी लागतोय. त्यासाठी बोट लागत नाही.

मी बायकोकडे बघितलं, बायकोने मित्राकडे, मित्राने वाळूकडे. सासूबाईंनी मला विचारलं की ते काय म्हणताहेत. काकांचं इंग्रजी त्यांना समजलं नव्हतं. बायको मराठीत काहीतरी दुसरंच सांगायला लागली होती, पण तिच्या आधी मुलीने सगळं सांगून टाकलं. फार्मचा फिश आहे आजी, नेट तुटलं, म्हणून पळाला.

सासूबाईंनी टोपलीखालच्या माशाकडे जरा वेळ बघितलं.

“पळून आला ना?” त्या म्हणाल्या. “मग झाला समुद्राचा.”

त्या दिवशी दुपारी आमच्या घरी तो जिताडा शिजला. एवढा मोठा होता की शेजारच्या तमिळ कुटुंबाला आणि खालच्या मजल्यावरच्या मलय आजींनाही वाटी गेली. मित्राने तीन वेळा भात घेतला आणि पाइप का निघाला याचं कारण दोन वेळा सांगितलं. माशाचं डोकं मोठ्या मानाने माझ्या ताटात आलं. जावयाला तेच देतात. ते माझ्याकडे बघत होतं. काटे काढत बसण्याचीही सोय नव्हती, कारण सगळे माझ्याकडे बघत होते. मी खाल्लं. चांगलं होतं, हे मी आजही शपथेवर सांगेन, पण कोणी परत वाढू नये एवढीच इच्छा आहे. सासूबाई स्वतःच्या ताटातला तुकडा सावकाश, शेवटपर्यंत खात होत्या. चवीबद्दल त्यांनी काहीच सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांना हात वर करता येईना. केस बायकोने विंचरून दिले. त्या तक्रार करत नव्हत्या, उलट फोनवर गावच्या प्रत्येकाला आपले हात किती दुखताहेत ते सविस्तर सांगत होत्या. भोक मित्राने त्याच्या प्रयोगशाळेतल्या कुठल्याशा पदार्थाने बुजवलं. त्या जागी ते ठिगळ इतकं पक्कं बसलं की पुढच्या वेळी कयाक त्याच्या शेजारी फाटली. असं करत करत आम्ही आणखी चार-पाच शनिवार गेलो. एकदा मिळाली ती एक खेकडी, एकदा मिळाली ती कोणाची तरी टोपी. जिताडा परत लागला नाही. सासूबाईंना त्याचं काही वाटेनासं झालं होतं. त्या आता माझ्याशिवायही जायच्या. मित्राला मागे बसवून एक-दोन करायच्या, आणि धक्क्यावरचे काका त्यांना हात करायचे.

त्यांचा इथे राहायचा पास संपत आला तेव्हा बायकोने त्यांना सिंगापूरहून काय न्यायचं आहे ते विचारलं. तिने तोआ पायोहच्या बाजारातून चॉकलेटं, बाम, भाच्यांसाठी बॅगा असं सगळं आणून ठेवलं होतं. सासूबाई म्हणाल्या की ते वल्हं द्या. ते मधून दोन तुकड्यांत निघतं, म्हणून बॅगेत तिरपं घातलं आणि चॉकलेटं काढावी लागली.

मुंबईच्या विमानतळावर त्यांची बॅग उघडली म्हणे. तिथल्या माणसाने दोन्ही तुकडे वर धरून हे काय आहे असं विचारलं. त्यांनी सांगितलं, वल्हं. कशासाठी, असं त्याने विचारलं.

“वल्हवायला,” त्या म्हणाल्या, आणि त्याला ते जोडायचं कसं हे दाखवलं.